‘कॉन्व्हेंट’ या शब्दातला आसरा कुठे गेला?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी नातीला कॉन्व्हेंटात प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटले. पेढा हातात घेता घेता तिथे सिस्टर किती आहेत असे मी सहज विचारले, तर काकूंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शाळेचा नव्हे, दवाखान्याचा पत्ता विचारला आहे. त्या शाळेत सिस्टर नाहीत, चॅपेल नाही, संस्थाचालक आपल्याच जिल्ह्यातले आणि दरवर्षी वारीला जाणारे आहेत. फलकावर मात्र ठळक अक्षरांत ‘कॉन्व्हेंट’ असे लिहिलेले आहे. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ इंग्रजी माध्यम, टाय आणि भरपूर फी एवढाच उरला आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र जमणे असा आहे आणि कॉन्व्हेंट म्हणजे व्रतस्थ स्त्रियांनी एकत्र राहण्याचे घर. अशा घरांपैकी एकाचा इतिहास मी सध्या वाचते आहे आणि त्यावरच हा धागा काढावा असे वाटले.

फ्रान्समधल्या ल्यों या रेशमाच्या शहरात १७७४ साली क्लोदीन तेवने यांचा जन्म झाला. घर रेशमाच्या व्यापारातले. लहानपणी त्या शहरातल्या सेंट पिएर मठात, बेनेडिक्टाइन जोगिणींकडे शिकल्या. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत तो मठ बंद पडला आणि आज त्या इमारतीत शहराचे कलासंग्रहालय आहे. १७९३ मध्ये ल्योंने पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध उठाव केला, वेढा पडला, शहर हरले आणि पुढच्या काही महिन्यांत दीड हजारांहून अधिक माणसांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत क्लोदीन यांचे दोन भाऊ होते. ५ जानेवारी १७९४ रोजी त्यांना नेत असताना एकोणीस वर्षांची ही बहीण रस्त्यात उभी होती आणि ज्यांनी आपल्याला धरून दिले त्यांना क्षमा कर, एवढेच त्यांनी तिला सांगितले. त्या धक्क्याने क्लोदीन यांची मान जन्मभर थरथरत राहिली.

१८१५ च्या हिवाळ्यात आंद्रे क्वांद्र नावाच्या तरुण धर्मगुरूला सेंट निझिए चर्चच्या दाराशी कुडकुडत बसलेल्या दोन बेवारस मुली सापडल्या आणि त्यांची सोय करण्याची जबाबदारी क्लोदीन व त्यांच्या मैत्रिणींकडे आली. ऑक्टोबर १८१८ मध्ये क्लोदीन आईचे घर सोडून क्र्वा-रूस टेकडीवर, विणकरांच्या वस्तीत राहायला गेल्या. तिथला सारा संसार म्हणजे एक कामकरीण, एक अनाथ मुलगी आणि एक माग. दोन वर्षांनी फुर्व्हिएर टेकडीवर जागा घेतली आणि तिथे मुलींचा आश्रम व फी भरणाऱ्यांची निवासी शाळा अशी दोन्ही कामे उभी राहिली. आपण ज्याला ‘जीझस अँड मेरी’ म्हणतो तो संघ हाच. १८४२ मध्ये त्याच्या भगिनी आग्र्याला आल्या आणि १८६० मध्ये पुण्याच्या लष्कर भागात त्यांचे कॉन्व्हेंट सुरू झाले.

माझे मत असे आहे की आसरा आधी आला आणि शाळा त्यातून निघाली. आपण मात्र शाळा ठेवली आणि आसरा टाकून दिला. सातारा-सांगलीकडच्या सभासदांचा अनुभव आणि मत काय आहे?

हळदबाजार

पेढे कोणत्या दुकानातले होते, हा या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा तपशील आपण दिलेला नाही.

मिरजेचा तंबोरा

काकूंना दवाखाना आठवला असेल तर त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्या मिरजेत ‘सिस्टर’ अशी हाक मारली की सलाइन बदलायला कोणीतरी येते. हा शब्द परिचारिकांना मिळाला तोही मठांमुळेच, कारण युरोपात शतकानुशतके आजाऱ्यांची शुश्रूषा व्रतस्थ भगिनींकडे होती. म्हणजे दवाखान्याने सिस्टर घेतली, शाळेने कॉन्व्हेंट घेतले आणि मूळ घर मागेच राहिले.

मात्र येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण ही गल्लत आमच्या गावात पदवीधर लोकही करतात. मिरजेचे मिशन रुग्णालय, जे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केले, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट होते. तिथे जोगिणींचा मठ नव्हता. कॅथलिक संघांचा इतिहास वेगळा आहे.

विट्याचा मागवाला

कृष्णाकाठताई, आपला लेख मन लावून वाचला. इतरांची नजर त्या दोन मुलींवर गेली असेल, माझी नजर ‘एक माग’ या शब्दांवर अडकली, कारण आमच्या घरात तीन पिढ्या मागाचाच आवाज आहे.

रेशमावर नक्षी काढायची तर ताण्याचे, म्हणजे उभे, ठरावीक धागे दर फेरीला वर उचलावे लागतात. जुन्या मागावर हे काम करण्यासाठी विणकराखेरीज एक पोर बसवत असत. दोऱ्यांचे जुडगे दिवसभर ओढत राहणे हेच त्याचे आयुष्य, आणि त्यासाठी लहान मुले व मुली सर्रास वापरली जात. ज्याच्या नावाने पुढचा माग ओळखला जातो तो ल्योंचा जॅकार्ड स्वतः लहानपणी हे काम करत होता. त्याने १८०४ मध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग काढला आणि दोऱ्या ओढणारे पोर अनावश्यक झाले. हा माग उंच असल्याने क्र्वा-रूसवरच्या घरांची छते सुमारे चार मीटर उंच बांधली गेली. पण कांड्या भरणे, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळणे, तुटलेला धागा जोडणे, ताणा लावणे ही कामे राहिलीच आणि त्यासाठी स्वस्त, बारीक बोटांचे हात हवेच होते. आमच्याकडेही कांड्या भरायला बाया आणि मुलीच बसत आल्या आहेत.

आता कटू भाग सांगतो. ल्योंमधल्या विणकरांनी मजुरीच्या दरासाठी नोव्हेंबर १८३१ मध्ये उठाव केला आणि एप्रिल १८३४ मध्ये पुन्हा केला. दोन्ही वेळा लष्कर आणावे लागले. पुढे १८४८ च्या क्रांतीत त्याच शहरातल्या कामगारांनी धर्मसंस्थांच्या आश्रमांवर चाल केली आणि तिथले माग मोडून जाळले. त्यांना देवाचा राग नव्हता, त्यांचा राग दरावर होता. ज्या आश्रमाला देणग्या मिळतात, ज्याला घरभाडे नाही आणि जिथल्या मुलींना पोटापुरते दिले की भागते, तो आश्रम कापड ज्या भावात विकू शकतो त्या भावात शेजारचा संसारी विणकर विकू शकत नाही. त्याची मुलगी उपाशी राहते आणि मग तीही आश्रमाच्या दाराशी येते.

तेव्हा आसरा आधी आला हे मान्य आहे, पण त्या आसऱ्याचे भाडे मुलींच्या बोटांनी भरले हेही लिहावे लागेल.

कृष्णाकाठ

मागवालेसाहेब, आपण जे लिहिले ते मी पुस्तकी अर्थाने वाचले होते, पण दराचे गणित आपण मांडल्यावरच नीट कळले. माझी एक शंका अशी आहे की त्या काळात बेवारस मुलीपुढे दुसरा पर्याय कोणता होता? हातात कसब नसलेल्या मुलीला अठराव्या वर्षी आश्रमाबाहेर काढले तर तिला पुन्हा रस्त्यावरच यावे लागले असते. क्लोदीन यांनी मुलींना वाचन, हिशेब आणि शिवणकामाबरोबर माग शिकवला तो ल्योंमध्ये त्याच कामाला गिऱ्हाईक होते म्हणून. त्या जर सांगलीत असत्या तर हळद निवडायला शिकवले असते.

हळदबाजार

माझ्या नावाचा उल्लेख झाल्याने मी कृतकृत्य झालो आहे.

अजिंक्यतारा

माझा आक्षेप मजुरीवर नसून हेतूवर आहे. या संस्थांचा इतिहास लिहिताना आपण नेहमी थंडीत कुडकुडणाऱ्या मुलींपासून सुरुवात करतो आणि डोळ्यांत पाणी आले की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. आपल्याला ल्योंपर्यंत जाण्याचे काय कारण? गोवा जवळ आहे.

जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी स्थापन केला आणि त्याची इमारत १६२७ मध्ये पूर्ण झाली. १६३६ मध्ये आग लागून तिचा मोठा भाग जळाला आणि ती पुन्हा बांधली गेली. आशियातला हा सर्वांत मोठा स्त्री-मठ मानला जात असे. तिथे प्रवेश घेणाऱ्या मुलीला हुंडा आणावा लागे. लग्नासाठी हुंडा द्यायचा तसाच मठासाठीही द्यायचा, फक्त वर बदलला. आत भरणा होता तो पोर्तुगीज घराण्यांतल्या मुलींचा. ज्यांना खरोखर आसरा हवा होता अशा अनाथ मुली, विधवा आणि नवरा समुद्रावर गेलेल्या बायका यांच्यासाठी याच मेनेझिस यांनी वेगळी आश्रयगृहे काढली होती. शिवाय सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालचा राजा अनाथ मुलींना जहाजाने गोव्याला पाठवत असे आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंड्याऐवजी सरकारी हुद्दा मिळत असे. याला आसरा म्हणायचे की वसाहतीत पोर्तुगीज संसार उभे करण्याची योजना म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पोर्तुगालने १८३० च्या दशकात धार्मिक संघ बंद केले, नव्या मुली घेण्यास मनाई झाली आणि त्या अवाढव्य मठात म्हाताऱ्या होत गेलेल्या जोगिणींपैकी शेवटची १८८५ मध्ये वारली. आता तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. मी तिथे गेलो होतो. जाड भिंती, दगडी धिरे आणि आत भर दुपारीही गारवा. आसरा आणि कैद यांत भिंतीच्या जाडीचा फरक नसतो, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

टेबललँड

अजिंक्यतारा, भिंतीबद्दल मी अनुभवाने बोलू शकते. माझे वडील बदलीच्या नोकरीत होते, त्यामुळे मी सहा वर्षे दुसऱ्या राज्यातल्या एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात काढली. शाळेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण तिथल्या काही सिस्टरांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आमच्या आवारात एक आडवी भिंत होती. अलीकडे आम्ही, फी भरणाऱ्या मुली. पलीकडे अनाथ मुलींचे घर. फाटके दोन, गणवेश दोन, स्वयंपाकघरे दोन. चॅपेल एकच होते, पण बाके ठरलेली होती. आमच्या जेवणाच्या मेजावरच्या कापडांना नाजूक पांढरी किनार असे आणि ती पलीकडच्या मुलींनी शिवलेली असे. त्यांच्यातली एक मुलगी अंकगणितात आमच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा हुशार होती, हे आम्हाला कळले ते तिने आमच्या गृहपाठातली चूक भिंतीवरून ओरडून सांगितली तेव्हा. त्याबद्दल शिक्षा मात्र तिलाच झाली. मी तेव्हा गप्प राहिले, आणि आज चाळीस वर्षांनी हा धागा वाचताना ते पहिल्यांदा लिहिते आहे.

कृष्णाकाठताईंनी ल्योंच्या टेकडीवर आश्रम आणि निवासी शाळा अशी दोन्ही कामे होती असे लिहिले आहे. त्या दोहोंमध्ये भिंत होती का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठ

टेबललँड, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. होय, दोन विभाग वेगळे होते. त्या काळातल्या फ्रान्समध्ये व्यापाऱ्याची मुलगी आणि बेवारस मुलगी एका बाकावर बसणे कल्पनेपलीकडचे होते आणि निवासी शाळेच्या फीचा हातभार लागल्याखेरीज अशी घरे चालवणे अवघड होते. म्हणजे आसऱ्याला जगवण्यासाठी फी आली. माझ्या पहिल्या लेखातले ‘आपण आसरा टाकून दिला’ हे विधान मी थोडे मागे घेते. भिंत तर सुरुवातीपासूनच होती. आपल्याकडच्या संस्थाचालकांनी फक्त पलीकडची बाजू बांधलीच नाही.

वाईकर

धागा पाचगणीला हात न लावता पुढे चालला आहे, हे वाईकराला पाहवत नाही. पसरणीचा घाट चढून गेले की सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आहे. ते १८९५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या भगिनींनी सुरू केले. हा संघ बेल्जियममधल्या लिएज शहरात जान हाझ यांनी १८३३ मध्ये स्थापन केला. त्यांनी गरिबांच्या मुलांना शिकवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे तुरुंगातल्या स्त्रियांसाठीही काम केले. आपल्या उपखंडात त्यांच्या भगिनी १८६२ मध्ये कराचीला आल्या.

आता पाहा, लिएजमध्ये काम कोणासाठी, तर गल्लीतल्या पोरांसाठी आणि कैदी बायकांसाठी. आणि पाचगणीत काम कोणासाठी, तर मुंबईच्या उकाड्यापासून दूर मुले ठेवू शकणाऱ्या साहेबांच्या आणि सधन घरांच्या मुलींसाठी. जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली तीच मुळी थंड हवेसाठी. त्यामुळे आमच्या जिल्ह्याने कॉन्व्हेंट प्रथम पाहिले ते आसरा म्हणून नव्हे, तर डोंगरावरची महागडी शाळा म्हणून. शब्दाचा अर्थ आपण बदलला असे मला वाटत नाही. तो आपल्यापर्यंत येतानाच घाटात अर्धा उतरला होता.

हळदबाजार

घाटात उतरला असेल तर वाईत मेणवलीचा घाट पाहून गेला असणार.

कराडचा संगम

अजिंक्यतारा यांच्या हेतूच्या प्रश्नावर मराठी माणसाने एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथे सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या होत्या, कॅथलिक नव्हे, पण व्रतस्थ जीवन तसेच. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर होते. ते पाहिल्यावर, ज्या बाईला आपला समाज दारातही उभी करणार नाही तिची कोणी इतक्या मायेने काळजी घेते, याचा आपल्यावर खोल परिणाम झाला, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्याच भगिनींशी धर्मतत्त्वांवरून त्यांचे कडाक्याचे वाद झाले, कारण बाईंना कोणाच्याही भिंतीच्या आत राहायचे नव्हते.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, हे सर्वांना माहीत आहे. मात्र त्याच शारदासदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, जो १९०० मध्ये हिंगण्याला गेला. म्हणजे फुलहॅमच्या जोगिणींचे घर, शारदासदन आणि हिंगणे या एकाच धाग्याच्या गाठी आहेत. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. सावित्रीबाई तर आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. तेव्हा हेतूची झडती घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण त्या काळी दार उघडणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच होती, हेही ध्यानात ठेवावे.

मागवालेसाहेबांना एक प्रश्न आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहातली मुलेही शेतात राबत, स्वयंपाक करत, दगड फोडत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे आपण अभिमानाने सांगतो. मग ल्योंच्या मुलींनी माग चालवला तर त्यात वावगे काय?

विट्याचा मागवाला

प्रश्न रास्त आहे आणि त्याने मला दोन दिवस विचारात ठेवले. फरक मला असा दिसतो की कर्मवीरांच्या मुलांचे श्रम त्यांच्याच पंगतीत जेवण होऊन येत होते आणि शिकून ते मास्तर, मामलेदार होण्याची वाट मोकळी होती. माग चालवणारी मुलगी मोठी होऊन मागच चालवणार, एवढीच वाट तिच्यापुढे ठेवली होती. तरीही रस्त्यापेक्षा माग बरा, या कृष्णाकाठताईंच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अजिंक्यतारा

संगमराव, रमाबाईंचे नाव आपण घेतलेत, म्हणून मी अर्धे पाऊल मागे येतो. अर्धेच. फुलहॅमचे घर आणि सांता मोनिका यांना एकाच मापाने मोजणे चूक होते, हे मान्य. पण दार उघडणाऱ्याने आत आल्यावर काय मागितले, हा प्रश्न मी सोडणार नाही. तो शारदासदनालाही विचारला गेला होता आणि विचारणाऱ्यांत सनातनीच नव्हे, सुधारकही होते.

हळदबाजार

आता गंभीर माहिती देतो. धागा वाचून मी आमच्या पेठेमागच्या ‘कॉन्व्हेंट’च्या फाटकाशी गेलो आणि रखवालदाराला, आत मदर आहेत का, असे अदबीने विचारले. तो म्हणाला, “मदर-फादर दोघांनीही शनिवारी पालकसभेला यायचे आहे.”

टेबललँड

हळदबाजार, सहा वर्षांच्या वसतिगृहानंतर आज प्रथमच या विषयावर मोठ्याने हसले.

विट्याचा मागवाला

कृष्णाकाठताईंचा मूळ प्रश्न काल रात्री आईला वाचून दाखवला. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे आणि ती नवव्या वर्षापासून कांड्या भरत होती. मजुरी बाजाराच्या दिवशी तिचे वडील घेऊन जात. ल्योंची सगळी हकीकत तिने डोळे मिटून ऐकली. मला वाटले झोप लागली असावी. मग तिने विचारले की त्या पोरींना तिथे राहायला मिळायचे का, जेवायला मिळायचे का आणि अक्षरे शिकवायचे का. मी तिन्हींना होय म्हणालो. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिच्या नावातही ‘कॉन्व्हेंट’ आहे, हे आईला ठाऊक आहे.

ती म्हणाली, “मग आपली पोर जाती ते कसलं रं कॉन्व्हेंट? ऱ्हायाला जागा न्हाई, जेवाण न्हाई, आन फी तेवढी आपुनच भरायची.”